एंजल्स ट्रम्पेट बियांपासून कसं वाढवायचं? पेरणी, पाणी, खत आणि विषापासून सावधगिरी. बारामती-इंदापूरच्या हवेसाठी सविस्तर माहिती

बारामती/इंदापूर : वीत-दीड वीत लांबीची, घंटेसारखी खाली लोंबणारी आणि दिवस मावळला की घमघमणारी पांढरी, पिवळी, गुलाबी फुलं मोबाईलवर अनेकांनी बघितली असतील. हे झाड म्हणजे ब्रुगमॅन्सिया. रोपवाटिकेत ते एंजल्स ट्रम्पेट या नावानं मिळतं. बियांची पाकिटं ऑनलाइन मिळू लागल्यापासून आपल्याकडेही हौशी लोक ती मागवतात. त्यानंतरच्या तक्रारी दोनच असतात. एक, बी उगवलंच नाही. दुसरी, उगवलं, चांगलं गुडघाभर झालं आणि एप्रिलमध्ये बसलं.

कारण सरळ आहे. या झाडाची बरीचशी माहिती थंड हवेच्या देशांतून आलेली असते. तिकडे प्रश्न थंडीचा. आपल्याकडे प्रश्न उन्हाचा, खाऱ्या पाण्याचा आणि चुनखडीच्या जमिनीचा. त्यामुळं आपल्या दोन तालुक्यांत खताचा नंबर तिसरा लागतो. आधी पाणी, मग सावली, मग खत. या क्रमानं गेलं तर झाड टिकतं. आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची, ती म्हणजे हे झाड मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. ज्या घरात शेळ्या, गाई आणि लहान मुलं आहेत तिथं ते कुठं लावायचं, हे बी भिजवायच्या आधी ठरवावं.

आधी ओळख : हा धोत्रा नव्हे, पण धोत्र्याचा भाऊबंद

बांधावर, उकिरड्यावर, गावाच्या कडेला उगवणारा धोत्रा सगळ्यांना माहीत आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी त्याचं फूल-फळ शंकराला वाहतात. करंजे येथील सोमेश्वराला जाणाऱ्या भाविकांच्या ताटातही ते दिसतं. ब्रुगमॅन्सिया त्याच कुळातलं. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा हीसुद्धा याच कुळातली पिकं. पूर्वी शास्त्रज्ञ दोघांना एकाच नावाखाली धरायचे. १८०५ मध्ये याला वेगळं नाव मिळालं, ते ब्रुगमन्स नावाच्या डच शास्त्रज्ञावरून.

दोघांतला फरक असा ओळखायचा :

- धोत्र्याचं फूल वर तोंड करून उभं असतं किंवा तिरपं असतं. ब्रुगमॅन्सियाचं खाली लोंबतं, फार तर आडवं झुकतं.
- धोत्र्याचं फळ गोल आणि काटेरी. ब्रुगमॅन्सियाचं फळ गुळगुळीत, जातीप्रमाणे लांबट किंवा अंडाकृती, काटे अजिबात नाहीत.
- धोत्रा कंबरेएवढं झुडूप होतो आणि तीन-चार महिन्यांत फुलतो. ब्रुगमॅन्सियाला लाकडी खोड येतं, उंची माणसाच्या डोक्याच्या वर जाते आणि ते वर्षानुवर्षं टिकतं.

ब्रुगमॅन्सियाच्या ७ जाती मानल्या जातात. मूळ गाव दक्षिण अमेरिका, मुख्यतः अँडीज पर्वताचा परिसर. गंमत म्हणजे सातही जाती आता रानातून नामशेष झाल्याची नोंद जागतिक यादीत आहे. जगात आज हे झाड टिकलंय ते माणसानं दारात लावलं म्हणून.

आपल्यासाठी जात महत्त्वाची. लाल-नारिंगी फुलाची सँग्विनिया ही जात थंड डोंगरातली आहे. आपल्या उन्हात तिच्यावर पैसे घालू नयेत. सुआव्हिओलेन्स, व्हर्सिकलर आणि त्यांचे संकर उष्णता बऱ्यापैकी सोसतात. पाकिटावर जात लिहिलेली नसेल तर पांढऱ्या, पिवळ्या किंवा फिक्या गुलाबी रंगाचं बी घ्यावं.

पाकिटात खरंच ब्रुगमॅन्सिया आहे का?

पाकिटावर चित्र लोंबत्या फुलाचं आणि आत बी धोत्र्याचं, असंही होतं. पेरायच्या आधी बी तळहातावर घेऊन बघा.

ब्रुगमॅन्सियाचं बी मोठं असतं, साधारण ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठं, वेडंवाकडं, कोनाकोनाचं. वरचं साल जाड आणि बुचासारखं हलकं. रंग मातकट तपकिरी. धोत्र्याचं बी लहान, चपटं, कानाच्या पाळीच्या आकाराचं आणि पिवळसर तपकिरी किंवा काळपट. ते मिरचीच्या बियांसारखंच दिसतं.

यात एक धोका आहे. धोत्र्याचं बी आणि मिरचीचं बी यांची गफलत इतकी जुनी आहे, की न्यायवैद्यक शास्त्राच्या पुस्तकांत दोघांतला फरक मुद्दाम शिकवतात. म्हणून घरी मिरचीचं बी धरणाऱ्यांनी हे बी त्याच डब्यात, त्याच कपाटात ठेवू नये. वेगळी बाटली घ्यावी, वर 'विषारी' असं मोठ्या अक्षरात लिहावं आणि ती स्वयंपाकघराबाहेर ठेवावी.

पेरणी कधी करायची?

बी उगवायला मातीचं तापमान २० ते २७ अंशांच्या आसपास लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी चांगलीच झोंबते. हे दोन्ही काळ पेरणीला वाईट.

फेब्रुवारीत पेरलं तर बी छान उगवतं, पण दोन महिन्यांचं कोवळं रोप थेट चैत्राच्या उन्हात सापडतं. एप्रिलमध्ये रोप बसण्याचं मोठं कारण हेच.

मृग संपल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरावं. आपला भाग पर्जन्यछायेतला. पाऊस बेताचा, पण जुलैत ढगाळ हवा आणि गारवा असतो, तो रोपाला मानवतो. पुढं पावसाळा आणि हिवाळा मिळून आठ-नऊ महिने वाढीला मिळतात. उन्हाळा येईपर्यंत खोड लाकडी झालेलं असतं.

या दिवसांतलं वारं मात्र सांभाळावं. आषाढातलं पश्चिमेचं वारं या झाडाच्या मोठ्या, मऊ पानांच्या चिंध्या करतं. कुंड्या भिंतीच्या पूर्वेला ठेवल्या की सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं ऊन आणि वारं दोन्ही अडतात.

पेरायची पद्धत

१. बी कोमट पाण्यात २४ तास भिजत घाला. पाणी एकदा बदला.

२. साल मऊ झालं की नखानं किंवा बोथट चिमट्यानं बुचासारखं बाहेरचं साल अलगद काढा. आतलं बी लहान निघतं. त्याला इजा होऊ देऊ नका. साल निघत नसेल तर बळजबरी नको, तसंच पेरा. साल काढलेलं बी लवकर उगवतं इतकंच. हातात मोजे घाला आणि काम झाल्यावर साबणानं हात धुवा.

३. प्रो ट्रे किंवा कागदी कप घ्या. खाली भोक हवंच. कोकोपीट धुतलेलं घ्या. कच्च्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. दोन-तीन पाण्यांनी धुऊन घेतल्याशिवाय वापरू नका.

४. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. वर झाकण म्हणून पातळ थर द्या. मिश्रण ओलसर ठेवा, चिखल नको.

५. ट्रे सावलीत ठेवा. उगवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. काही बी त्याहून उशिरा वर येतं, त्यामुळं महिनाभर तरी ट्रे ओतून टाकू नका.

६. रोप वर आल्यावर बुडाशी काळं पडून कोलमडत असेल तर पाणी जास्त होतंय. पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा. ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून बुडाशी आळवणी करता येते.

७. तीन-चार खरी पानं आली की रोप ५-६ इंचाच्या पिशवीत हलवा. मुळांनी पिशवी भरली की १२ इंचाच्या कुंडीत आणि शेवटी १८-२० इंचाच्या कुंडीत किंवा अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये. पिशवीतून एकदम ड्रममध्ये टाकू नका. एवढ्याशा मुळाभोवती ओल साचून ती कुजतात.

कुंडीत नुसती काळी माती नको. ती भिजली की चिकट आणि वाळली की भेगाळते. एक भाग पोयटा किंवा तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट आणि कुंडीमागं मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं. तळाला खडीचा थर द्या. टोमॅटो-वांग्याच्या जुन्या वाफ्यातली माती घेऊ नका. सूत्रकृमी असतील तर ते या झाडालाही लागतात.

खताच्या आधी पाणी तपासा

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि या भागाचं नशीब पालटलं. पण वर्षानुवर्षं पाणी मुरून कालव्याखालच्या काही जमिनी क्षारपड, चोपण झाल्या. जिरायत पट्ट्यात बोअरचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ. उसाला चालतं ते पाणी कुंडीतल्या रोपाला चालेलच असं नाही. शेतात पावसानं क्षार खाली धुतले जातात, कुंडीत ते तिथंच साठतात.

माती-पाणी तपासणीची सोय शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्रात आहे. अहवालात दोन आकडे बघायचे.

ईसी : पाण्यातल्या एकूण क्षारांचं माप. ०.७५ पेक्षा कमी असेल तर पाणी चांगलं. ०.७५ ते २.२५ मध्ये असेल तर जपून. २.२५ च्या वर असेल तर हे पाणी कुंडीला देऊच नका.

पीएच : चुनखडीच्या जमिनीत तो ७.५ च्या पुढं, कधी ८ च्याही पुढं असतो. अशा ठिकाणी मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही.

पाणी खारं असेल तर पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवून कोवळ्या रोपांना द्यावं. ते शक्य नसेल तर कालव्याचं. बोअरचंच पाणी असेल तर ते गोड्या पाण्यात निम्मं मिसळून द्या.

खत हेही शेवटी मीठच. खाऱ्या पाण्यात खत विरघळवलं की क्षार आणखी वाढतात आणि मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग पानाच्या कडा जळतात. आपल्याला वाटतं खत कमी पडलं, म्हणून आपण आणखी घालतो. झाड मरतं ते इथं.

म्हणून महिन्यातून एकदा खताशिवाय नुसतं गोडं पाणी भरपूर द्या. खालच्या भोकातून चांगलं वाहून जाऊ द्या. साठलेले क्षार धुऊन जातात.

खताचं वेळापत्रक

ब्रुगमॅन्सिया खादाड झाड आहे. मोठी पानं, भराभर वाढ, एका वेळी डझनांनी फुलं. त्याला खत लागतंच. पण थोडं आणि वारंवार. उसाला गोणीनं खत टाकायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं. इथं गोणी नाही, चमचा वापरायचा.

ड्रिपला वापरतो तीच विद्राव्य खतं चालतात :

- उगवण ते दोन खरी पानं : खत काहीच नाही. बियातला साठा पुरतो.
- तीन-चार खरी पानं आल्यावर : १९:१९:१९ अर्धा ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा.
- पिशवीत हलवून पंधरा दिवस झाल्यावर : १९:१९:१९ एक ग्रॅम प्रति लिटर, आठवड्यातून एकदा.
- मोठ्या कुंडीत गेल्यावर : १९:१९:१९ दोन ग्रॅम प्रति लिटर, दर ८-१० दिवसांनी. शिवाय महिन्यातून एकदा कुंडीमागं दोन-तीन मुठी गांडूळखत.
- फांद्या फुटून कळ्यांची वेळ आल्यावर : एका वेळी १९:१९:१९ आणि पुढच्या वेळी १३:००:४५, दोन ग्रॅम प्रति लिटर. पालाश वाढला की फांद्या कणखर होतात आणि फुलाला जोर येतो.
- कडाक्याची थंडी आणि मे महिना : मात्रा निम्मी. झाड थांबलेलं असेल तर खतही थांबवा.

पाळायचे नियम चार. वाळलेल्या मातीत खत देऊ नका, आधी साधं पाणी द्या. खत सकाळी द्या. नुकत्या कुंडी बदललेल्या किंवा सुकलेल्या झाडाला खत नाही. आणि डीएपी, १०:२६:२६ किंवा युरिया मुठीनं बुडाशी टाकायचा नाही. कुंडीत एवढ्या स्फुरदाची गरज नसते. उलट जास्त स्फुरदामुळं लोह आणि जस्त झाडाला मिळेनासं होतं.

रासायनिक खत नको असेल तर जीवामृत चालतं. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे प्रमाण बऱ्याच जणांना पाठ आहे. कुंडीला ते दहापट पाण्यात पातळ करून, पंधरा दिवसांनी एकदा द्यावं. ताजं शेण मात्र कुंडीत टाकू नये. त्याच्या उष्णतेनं मुळं भाजतात आणि हुमणीही येऊ शकते.

पानं काय सांगतात?

- खालची जुनी पानं सगळी पिवळी : नत्र कमी.
- जुन्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा : मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम सल्फेट २-३ ग्रॅम प्रति लिटर, मातीतून.
- शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या : लोह कमी. चुनखडीच्या पट्ट्यात हे हमखास दिसतं. चिलेटेड लोह अर्धा ते एक ग्रॅम प्रति लिटर संध्याकाळी फवारा. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं लोह घ्या. चुनखडीत साधं फेरस सल्फेट लवकर निकामी होतं.
- पानाच्या कडा करपलेल्या, कुंडीच्या काठावर पांढरा थर : क्षार जास्त. खत बंद, गोड्या पाण्यानं धुवा.
- दुपारी पानं मान टाकतात, संध्याकाळी उभी राहतात : हे उन्हामुळं. पाणी द्यायच्या आधी बोट मातीत दोन इंच घालून बघा. आत ओल असेल तर पाणी देऊ नका.

उन्हाळा कसा काढायचा?

मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ५० टक्क्यांचं शेडनेट किंवा लिंबाची विरळ सावली हवीच. काळी कुंडी उन्हात तापते आणि मुळं शिजतात. कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळा किंवा बाहेरून चुना मारा. मातीवर उसाच्या पाचटाचं चार बोटं आच्छादन घाला. उन्हाळ्यात रोज पाणी लागेल. फुलं गळतील, कळ्या झडतील. त्याला घाबरू नका. कडक उन्हात हे झाड फुलत नाही, फक्त जीव धरून राहतं. फुलांचा खरा हंगाम आपल्याकडे पावसाळा आणि त्यानंतरची गार हवा.

फूल कधी येणार?

बियांचं रोप आधी एकच दांडा सरळ वर नेतं. मग शेंड्याला दोन फांद्या फुटून गलोलीसारखा आकार होतो. फुलं या दुबेळक्याच्या वरच्या भागालाच येतात. बियांपासून फुलापर्यंत साधारण एक ते दोन वर्षं लागतात. दांडा लांब झाला म्हणून मधूनच छाटला तर फुलणं पुन्हा लांबतं. छाटणी करायची ती दुबेळक्याच्या वर.

बियांचं रोप आईसारखंच होईल याची हमी नाही. पिवळ्याच्या बियातून पांढरं निघू शकतं. हवा तोच रंग लवकर पाहिजे असेल तर कोणाकडून तरी फुलणाऱ्या झाडाची पेन्सिलच्या जाडीची वीतभर फांदी आणून लावा. ती दुबेळक्याच्या वरची असेल तर लवकर फुलते.

स्वतःचं बी धरायचं असेल तर

ही फुलं संध्याकाळी उमलतात आणि वास सोडतात, ती रात्रीच्या मोठ्या पतंगांसाठी. त्यांची सोंड लांब असते. बहुतेक जातींना स्वतःच्याच परागानं बी धरत नाही. दोन वेगवेगळ्या रोपांची झाडं लागतात. एकाच झाडाच्या दहा फांद्या लावल्या तरी ते एकच झाड धरायचं. संध्याकाळी एका झाडाचा पराग ब्रशनं दुसऱ्या झाडाच्या फुलातल्या मधल्या दांडीच्या टोकाला लावा. फळ पक्व व्हायला पाच-सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. फळ हिरव्याचं तपकिरी होऊन मऊ पडलं की बी काढा. ते सावलीत वाळवा, माळवदावर उघडं पसरू नका.

कीड-रोग

लाल कोळी, पांढरी माशी, मावा, पिठ्या ढेकूण, म्हणजे टोमॅटोवर येतं तेच सगळं इथं येतं. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी सर्वांत जास्त. पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा फवारा मारणं हा पहिला उपाय. नंतर ५ टक्के निंबोळी अर्क. पण मोठी गोष्ट ही, की टोमॅटो, ढोबळी मिरची, वांगी यांच्या प्लॉटजवळ किंवा शेडनेटमध्ये हे झाड ठेवू नये. एकाच कुळातलं असल्यानं कीड आणि विषाणू इथं मुक्काम करून पिकावर जातात. बांधावरच्या धोत्र्यालाही हाच नियम.

विष : गोठा, कुट्टी, चूल आणि मुलं

या झाडात ॲट्रोपिन, स्कोपोलामिन आणि हायोसायमिन ही द्रव्यं असतात. पान, फूल, फळ, बी, मूळ सगळ्यात. पान वाळलं म्हणून विष जात नाही.

जनावर सहसा हे झाड उभं खात नाही, वास उग्र असतो. धोका कुट्टीत आहे. छाटलेल्या फांद्या मक्यात मिसळून कुट्टीत किंवा मुरघासात गेल्या तर गाईला त्या निवडून टाकता येत नाहीत. म्हणून छाटणीचा पाला कडबाकुट्टी यंत्राजवळ नेऊच नका. मक्याच्या, सोयाबीनच्या रानातला धोत्राही फळ धरायच्या आधी उपटा. महाशिवरात्रीनंतरचं निर्माल्य शेळ्या फिरतात तिथं टाकू नका. पाला लांब खड्ड्यात पुरा, चुलीत घालू नका.

हे फक्त आपल्या गावाचं नाही. २०१९ मध्ये युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठात धोत्र्याचं बी मिसळलं गेलं होतं. सुमारे ३०० जण आजारी पडले, ५ जण दगावले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात पालकाच्या भाजीत धोत्र्याची पानं गेली आणि अनेकांना दवाखाना गाठावा लागला. दोन्ही ठिकाणी मूळ एकच, रानातलं तण काढणीत आलं.

औषधी आहे म्हणून घरगुती काढा करण्याचा मोह टाळा. आयुर्वेदात कनकासवासारख्या औषधात धोत्रा आहे, पण तो ठरलेल्या पद्धतीनं, मोजून. फवारणीच्या विषबाधेत दवाखान्यात ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात, तेही डॉक्टर मोजून देतात. त्यावरून फवारणीची बाधा झालेल्याला धोत्रा चारणं म्हणजे एका विषावर दुसरं विष घालणं.

छाटणी करताना हातमोजे घाला. चीक लागलेलं बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होते, अंधुक दिसतं. डोळा भरपूर पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

विषबाधा झाली तर

लक्षणं : तोंडाला कोरड, चेहरा लाल, अंग गरम, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या, छातीत धडधड, लघवी अडणं, असंबद्ध बडबड, नसलेल्या गोष्टी दिसणं. गावात याला बाहेरची बाधा समजून वेळ घालवतात. तसं करू नका.

काय करायचं : तोंडातला अंश काढा. ओकारी काढायला मीठ-पाणी देऊ नका. १०८ ला फोन करा. खाल्लेल्या पानाचा किंवा फळाचा तुकडा सोबत घ्या आणि थेट सरकारी दवाखान्यात जा, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय, बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. जनावराला बाधा झाली तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

लावावं की नाही?

घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल किंवा शेळ्या अंगणातच मोकळ्या असतील तर हे झाड दोन-चार वर्षं पुढं ढकला. पूजेपुरतं फूल हवं असेल तर बांधाकडेचा धोत्रा पुरे. आणि जागा असेल, गोडं पाणी असेल, दुपारची सावली असेल तर कुंपणाच्या आत, गोठ्यापासून लांब, एकच झाड नीट लावा. यंदा जूनअखेरीस बी भिजत घालायचं असेल तर मेमध्येच दोन कामं करून ठेवा. पाण्याचा नमुना तपासायला द्या आणि कुंडीची माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार-सहा आठवडे उन्हात तापवून घ्या.